छातीचा आवाज घडवणं आणि वरच्या आवाजाशी जोडणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर सांगताना हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक २६२ हर्ट्झ धरली आहे. सरगम लिहिली आहे तिथे ‘सा’ म्हणजे त्या खेपेचा आधारसूर. व्यायाम पुन्हा करताना तो एकेक पट्टी (काळ्या-पांढऱ्या धरून हार्मोनियमची लगतची पट्टी) सरकवायचा. छातीचा आवाज जिथे संपतो आणि हलका, म्हणजे वरचा, आवाज सुरू होतो त्या जागेला ‘सांधा’ म्हटलं आहे.

१. छातीचा आवाज खरंच छातीतून निघतो का?

आवाज निघतो स्वरयंत्रातच, दोन स्वरपट्ट्यांच्या कंपनातून. खालच्या सुरांना या पट्ट्या आखूड, जाड आणि सैल असतात. त्या नुसत्या कडेला न टेकता उभ्या जाडीने एकमेकींना भिडतात आणि प्रत्येक आवर्तनातला बराच वेळ मिटलेल्या राहतात. म्हणून आवाज भरीव, बोलल्यासारखा येतो. त्याचा कंप शरीरातून खाली उतरतो आणि छातीच्या मधल्या हाडावर तळहात ठेवला तर स्पष्ट लागतो. नाव पडलं ते या जाणिवेवरून, आणि पट्ट्या चालताना कुणी पाहण्याच्या आधी. मान्वेल गार्सिया या गायनशिक्षकाने आरशाच्या मदतीने जिवंत माणसाच्या पट्ट्या हलताना पाहिल्या आणि ती निरीक्षणं १८५५ मध्ये मांडली, तोवर ‘छातीचा’ आणि ‘माथ्याचा’ हे शब्द रूढ होऊन गेले होते.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: ‘छातीत घुमव’ ही सूचना परिणामाचं वर्णन करते. छाती फुगवून किंवा खाली दाबून आवाज भरत नाही. मान मात्र आखडते.

२. मी गातो तो छातीचा आवाज आहे की दुसराच, हे कसं ओळखू?

खोलीच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने एक ते पाच आकडे मोजा आणि ‘पाच’मधला आकार तसाच लांबवा. बहुतेकांचा तो छातीचा आवाज असतो. आता घुबडासारखा वरचा, पोकळ ‘ऊ’ काढा. हा हलका आवाज. दोन्हींमधला फरक कानाने आणि छातीवरच्या हाताने टिपा.

तरीही शंका उरली तर घुबडाच्या ‘ऊ’वरून मींड घेत (सूर न तोडता घसरत) सावकाश खाली या. एका ठिकाणी पोत बदलेल, कधी टचकन, कधी नकळत. त्याच्या खाली जे आहे ते तुमचं छातीचं क्षेत्र. मोठा-लहान आवाज ही मात्र खूण नव्हे. छातीचा आवाज अगदी हळूही लावता येतो आणि तो तसा लावता येणं हेच पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल आहे.

३. सांधा नेमका कोणत्या सुरावर येतो?

एका सुरावर येत नाही, तो चार ते सहा पट्ट्यांचा टापू असतो. मध्यम जाडीच्या पुरुषी आवाजात तो साधारण २४७ ते ३३० हर्ट्झ (खालच्या सप्तकातल्या पांढरी सातपासून मधल्या पांढरी तीनपर्यंत), उंच पुरुषी आवाजात २९४ ते ३९२ (पांढरी दोन ते पांढरी पाच) आणि स्त्रियांच्या आवाजात पहिला सांधा ३११ ते ३७० (काळी दोन ते काळी तीन) असा सापडतो. स्त्रियांना याच्याही वर, ६६० ते ७४० हर्ट्झच्या आसपास दुसरा सांधा असतो. त्याचा छातीच्या आवाजाशी संबंध नाही, म्हणून इथे तो सोडून देऊ.

सरगमीच्या भाषेत: काळी एक पट्टीत (म्हणजे काळी एकला सा धरून) गाणाऱ्या पुरुषाला मध्य सप्तकातल्या निषादापासून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, गंधारापर्यंत अडचण जाणवते. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीला ती मध्य सप्तकातच, पंचम-धैवताशी गाठते. रोजच्या गाण्यात स्त्रियांना सांधा पुरुषांपेक्षा फार जास्त वेळा ओलांडावा लागतो तो यामुळे. हे आकडे सरासरीचे आहेत, तुमचा टापू दोन पट्ट्या इकडेतिकडे असू शकतो.

४. सुरुवात कुठून करू? पहिल्या दोन आठवड्यांचा क्रम सांगा.

रोज १५ मिनिटं, आवाज मध्यम. पुरुषांनी ११० ते २२० हर्ट्झ आणि स्त्रियांनी १७५ ते ३०० हर्ट्झ यांच्या बाहेर या दोन आठवड्यांत जायचं नाही.

पहिली ३ मिनिटं नळीवर. ५-६ मिलिमीटर व्यासाची साधी स्ट्रॉ ग्लासातल्या पाण्यात २-३ सेंटिमीटर बुडवा, ओठ तिच्याभोवती घट्ट मिटा आणि ‘ऊ’ म्हणत फुंका. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. ते थांबून थांबून आले तर श्वास तुटतोय, उसळले तर जोर जास्त लागतोय. गाल सैल ठेवा. अरुंद नळीमुळे तोंडात थोडा दाब साठतो आणि पट्ट्या कमी धडकेने, तरी नीट मिटायला शिकतात. नळी नसेल तर ओठ फुरफुरवा. ओठ थांबत असतील तर गालांना दोन बोटांनी हलका आधार द्या.

पुढची ३ मिनिटं ओठ मिटून हुंकार: एक सूर, ६ ते ८ सेकंद, मग एक पट्टी खाली. दात एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. नाकाच्या मुळाशी आणि ओठांवर गुदगुल्या झाल्या की बरोबर चाललंय.

मग ४ मिनिटं अवरोही (उतरते) पाच सूर: प म ग रे सा, प्रत्येक सुरावर ‘गो’. ‘ग’ क्षणभर हवा अडवतो, त्यामुळे पट्ट्यांना मिटायला उसंत मिळते. दर खेपेला एक पट्टी खाली, आणि सूर खरखरायला लागला की पुन्हा वर.

उरलेला वेळ आकारावर. ‘आ’ धक्क्याविना सुरू करायचा, ४ मात्रा धरायचा, धक्क्याविनाच सोडायचा. आरंभी ‘ह’ ऐकू आला तर हवा आधी निसटली; टक् असा आवाज आला तर पट्ट्या आधीच दाबून धरल्या होत्या. या दोन चुकांच्या मधली जागा शोधण्यात पहिला आठवडा सहज जातो, आणि तो वाया गेलेला नसतो.

५. माझा खालचा आवाज हवेशीर आणि पोकळ आहे. तो भरीव कसा करायचा?

हे बहुधा स्त्रिया विचारतात, कारण अनेकींना लहानपणापासून हलक्या आवाजातच गायची सवय लागलेली असते. पट्ट्या पूर्ण मिटत नाहीत, फटीतून हवा जाते. इथे जोर लावला की फट मिटण्याऐवजी जास्त हवा सुटते आणि आवाज अधिकच वाऱ्यासारखा होतो.

बोलण्यापासून सुरुवात करा. ‘गाडी’, ‘दगड’, ‘बाग’ असे घोष व्यंजनांचे शब्द नेहमीच्या बोलण्याच्या सुरात म्हणा, मग तेच शब्द तसेच, पण एकाच सुरावर ओढून. बोलताना जो टणकपणा होता तो गाताना हरवतो का, ते ऐका. हरवला की पुन्हा बोला. त्यानंतर ‘नॅ-नॅ-नॅ-नॅ-नॅ’ असं थोडं चिडवल्यासारखं, किंचित कर्कश, सा रे ग रे सा वर. हा आवाज सुंदर नसतो; नसू दे. तो पट्ट्या मिटवायला शिकवतो आणि दोन-तीन आठवड्यांनी कर्कशपणा काढून फक्त मिटणं ठेवता येतं.

तिसरा उपाय घशाच्या तळाची खरखर. सकाळी उठल्यावर आळसावून ‘आं’ म्हणताना येते तशी खरखर दोन सेकंद काढा आणि तिच्यातूनच एका खालच्या सुरात सरका. दिवसाला पाच-सहा वेळा, बस. खरखरीतच गात राहिलं तर तिची सवय लागते आणि वाक्यांचे शेवट कोरडे पडतात.

६. खर्जाचा रियाज आणि छातीच्या आवाजाचे व्यायाम एकच का?

बरंचसं क्षेत्र सामाईक आहे. खर्जात, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकात, दीर्घ सूर धरताना पट्ट्या आखूड आणि सैल ठेवाव्या लागतात, श्वास अगदी कमी सोडावा लागतो, सूर हलला तर लगेच कळतो. हे सगळं छातीच्या आवाजाला पोषकच. फरक दोन ठिकाणी आहे. एक, खर्ज खालीच थांबतो, सांध्याचं काम करत नाही. दोन, खर्ज खोल वाटावा म्हणून जीभ मागे ओढून गळा दाबण्याची खोड फार पटकन लागते. हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवा; सूर लावताना तो भाग टणक होऊन खाली येत असेल तर तुम्ही जिभेने गडदपणा तयार करताय. आवाज तुम्हाला आतून भारदस्त ऐकू येईल, समोरच्याला मात्र कोंडलेला.

किती खाली जायचं? जिथवर सूर स्वच्छ आणि स्वरनाम स्पष्ट आहे तिथवर. त्याखालच्या खरखरीला खर्ज म्हणू नये.

७. वर जाताना आवाज ओरडल्यासारखा होतो आणि मग फाटतो. का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत.

पहिलं पट्ट्यांचं. सूर चढतो तेव्हा पट्ट्या लांब आणि पातळ व्हायला हव्यात. स्वरयंत्राच्या पुढच्या बाजूचा एक स्नायू त्या ताणतो, पट्टीच्या आतला स्नायू त्या जाड ठेवतो. चढताना आतल्याने पायरीपायरीने सैल सोडायचं असतं. ते न सोडता तुम्ही खालचीच जाडी वर नेता, मग ती कंपवायला जास्त हवा लागते, त्या हवेला अडवायला पट्ट्या आणखी आवळतात. शेवटी आतला स्नायू एकदम हार मानतो आणि आवाज फाटतो.

दुसरं कारण तोंडाच्या पोकळीचं. प्रत्येक स्वराक्षराची (आ, ओ, ऊ) एक खालची अनुनाद-पट्टी असते, म्हणजे तोंडाची पोकळी ज्या कंपांना उचलून धरते ती जागा. पुरुषी आवाजात ‘आ’साठी ती साधारण ७०० हर्ट्झच्या आसपास. सुरासोबत त्याच्या पटीतले उपस्वरही निघतात. दुसरा उपस्वर मूळ सुराच्या दुप्पट असतो, म्हणजे ३५० हर्ट्झचा (पांढरी चार) सूर लावला की त्याचा दुसरा उपस्वर नेमका ७०० वर येतो. तोवर अनुनाद त्याला उचलून धरत असतो. त्याच्या वर गेलात की आधार सुटतो, आणि तो टिकवण्यासाठी शरीर आपोआप तोंड फाडतं, कंठमणी वर ढकलतं. हाक मारताना आपण हेच करतो, म्हणून ते ‘ओरडल्यासारखं’ ऐकू येतं. ‘ओ’ आणि ‘ऊ’ यांचा अनुनाद खाली असल्याने त्यांवर उपस्वर आधीच पलीकडे गेलेला असतो; म्हणूनच ‘ऊ’वर सांधा हळुवार जातो आणि ‘आ’वर तो अडतो.

उपायही दोन्हीकडून. चढताना दर सुरागणिक आवाज थोडा कमी करत चला, वाढवू नका. आणि सांध्याच्या दोन-तीन पट्ट्या आधीपासून ‘आ’ किंचित गोल करा, ‘ऑ’कडे झुकवा. ऐकणाऱ्याला शब्द ‘आ’चाच ऐकू येतो, फरक फक्त तुमच्या तोंडात राहतो. स्त्रियांची पोकळी लहान असल्याने ‘आ’चा हा मुक्काम त्यांना थोडा वर, काळी चारच्या आसपास, सापडतो.

८. दोन्ही आवाज जोडायचे व्यायाम कोणते?

वरून खाली, हा नियम पहिले काही आठवडे मोडू नका. खालून वर जाताना जाडी सोबत नेण्याचा मोह होतो. वरून येताना हलकेपणा सोबत येतो, आणि सांध्यावर हवा असतो तो हलकेपणाच.

अवरोही ‘ऊ’. स्त्रियांनी वरच्या पांढरी एकपासून (५२३ हर्ट्झ), पुरुषांनी मधल्या पांढरी सहापासून (४४०, खोट्या म्हणजे पुरुषांच्या हलक्या आवाजात) प म ग रे सा असं ‘ऊ’वर उतरायचं, तेही अर्ध्या आवाजात. दर खेपेला आरंभ एक पट्टी खाली. एखाद्या सुरावर आवाज अचानक जाड झाला तर तुम्ही घाई केली. एक पट्टी वर जा, आणखी हळू या. काही दिवसांनी ‘ऊ’चा ‘ओ’, मग ‘अ’, सर्वांत शेवटी ‘आ’.

मींड. सा ते तार सा आणि परत, आधी नळीवर, मग ओठ फुरफुरवत, मग ‘ऊ’वर. वर जायला ६ ते ८ सेकंद, यायला तितकीच. वेगाने घेतलेली मींड सांध्यावरून उडी मारते आणि काम झाल्याचा भास होतो.

मोठी उडी. सा ग प सा’ सा’ सा’ प ग सा (सा’ म्हणजे तार सा), अक्षर ‘मम्’ किंवा ‘बू’. तार सा तीनदा घेण्याचं कारण म्हणजे पहिला बहुधा जोराने लागतो. दुसरा आणि तिसरा मुद्दाम हलके करायचे. वरचा ‘सा’ खालच्या ‘सा’पेक्षा मोठा ऐकू आला की खेप बाद.

मुद्दाम तोडणं. सांध्याच्या खालचा एक सूर छातीत, वरचा एक हलक्या आवाजात, आलटून पालटून ‘ओ-ऊ-ओ-ऊ’. विचित्र वाटतं, पण दोन्ही टोकं ओळखता येत नसतील तर मधली जागा सापडणार कुठून?

हे चारही दोन महिने बऱ्यापैकी जमले की सूर लहान-मोठा करणं घ्या: सांध्यातला एकच सूर हलक्या आवाजात अगदी हळू सुरू करून ४ मात्रांत वाढवायचा, ४ मात्रांत परत उतरवायचा. हा सगळ्यात अवघड व्यायाम आहे आणि लोक तो सगळ्यात आधी करायला जातात. वाढवताना ‘टक्’ करून पोत बदलला तर वाढ खूप झाली. आधी फक्त १० टक्के वाढवून परत या.

९. श्वासासाठी पोट बाहेर ढकलायचं की आत?

दोन्ही नाही. श्वास घेताना फासळ्यांचा खालचा घेर आणि कंबर बाजूंना पसरते. गाताना तो पसारा शक्य तितका वेळ टिकवायचा, म्हणजे हवा एकदम कोसळत नाही. सराव: ४ मात्रांत श्वास, मग ‘स्स्स’ एकसारखा १५ सेकंद. १५ जमले की २०, मग २५. छातीच्या आवाजात पट्ट्या जास्त वेळ मिटलेल्या असतात, म्हणून हवा कमीच लागते. ‘पोटातून जोर लाव’ ऐकून भरपूर हवा ढकलणारे नेमके इथे चुकतात. छोट्या ओळीसाठी अर्धा श्वास पुरतो.

१०. कोणतं अक्षर कशासाठी वापरायचं?

आवाज हवेशीर असेल तर ग, ब, द आणि ‘नॅ’. आवाज आवळलेला, टणक असेल तर ‘ह’ जोडलेले: हू, हो, किंवा उसासा टाकल्यासारखं ‘हाऽ’ खाली येणारं. गळा वर चढत असेल तर ‘ऊ’ आणि ‘बू’, कारण ओठ पुढे येताच स्वरयंत्र खाली स्थिरावतं. आवाज मागे कोंडला असेल तर म, न आणि ‘ई’. म्हणजे आधी दोष ठरवा, मग अक्षर. हवेशीर आवाजाच्या माणसाने ‘हू’वर महिनाभर घालवला तर तो आणखी हवेशीर होऊन निघतो.

११. कंठमणी वर जातो. तो हाताने खाली धरू का?

धरू नका. बोट फक्त जाणीव म्हणून हलकं टेकवा. सूर चढताना तो थोडा वर जाणं स्वाभाविक आहे. गिळताना जातो तितका वर गेला तर मात्र अडचण आहे. जबरदस्तीने खाली दाबलेलं स्वरयंत्र जिभेच्या मुळाने दाबलेलं असतं, म्हणजे एक ताण काढून दुसरा आणला (प्रश्न ६ मधली अंगठ्याची चाचणी करा). ‘बू’ आणि जांभईच्या सुरुवातीची मोकळीक इतकं पुरतं.

१२. मिक्स आवाज म्हणजे तिसरा वेगळा आवाज असतो का?

पट्ट्या कंपण्याच्या पद्धती सांध्याच्या आसपास दोनच: जाड आणि पातळ. ‘मिक्स’ म्हणतात तो दोघांपैकी एकाचा सांध्याच्या बाजूने घडवलेला रूपभेद असतो. म्हणजे कुणाचा मिक्स पातळ केलेली छाती असते, कुणाचा घट्ट मिटवलेला हलका आवाज. ऐकणाऱ्याला दोन्ही सारखे वाटू शकतात. म्हणूनच ‘मिक्स कर’ या सूचनेने एकाचं काम होतं आणि दुसऱ्याचं बिघडतं. पुरुषांना सहसा पहिला मार्ग जवळचा, स्त्रियांना दोन्ही. पण हे सवयीवरही ठरतं.

१३. खोटा आवाज आणि छाती यांच्यात मोठी दरी आहे, मधले तीन-चार सूरच नाहीत. काय करू?

पुरुषांचा प्रश्न, आणि विशेषतः आवाज फुटल्यानंतर वरचा आवाज कधी वापरलाच नाही त्यांचा. मधले सूर नसतात असं नाही; तिथे छाती फार जाड आणि खोटा आवाज फार सैल, म्हणून दोघेही नकार देतात. पहिले तीन आठवडे फक्त खोटा आवाज घट्ट करा: ३५० हर्ट्झच्या वर ‘वी’ आणि ‘गू’, हवा कमी, सूर ५ सेकंद. तो पोकळपणा सोडू लागला की मग प्रश्न ८ मधला अवरोही. छातीच्या बाजूने काम करायचं तर तेच तीन सूर अगदी हळू, कुजबुजीच्या किंचित वर, पण हवेविना. दरी जोराने भरत नाही. जोराने ती फक्त वर सरकते.

१४. अख्खं गाणं छातीच्या आवाजातच गायलं तर?

सगळे सूर सांध्याच्या खाली असतील तर खुशाल. त्याच्या वरचं गाणं छातीच्या चमकेने गाणारे गायकही असतात. ते वर जाडी नेत नाहीत, पातळ पट्ट्या घट्ट मिटवून, तोंड मोठं उघडून तो उजळपणा आणतात. बाहेरून हाक मारल्यासारखं दिसतं, आत दमाचा खर्च कमी असतो. ओळखायची खूण: चांगल्या पद्धतीने गायलेला वरचा सूर लगेच त्याच सुरावर हळू करून दाखवता येतो. येत नसेल तर तो ओढून आणलेला आहे, मग ऐकायला कितीही जोमदार असो.

१५. सांध्यावर आवाज चिरकतो. व्यायामात चिरकू द्यायचा का?

द्यायचा. चिरकणं म्हणजे पट्ट्यांनी पद्धत बदलली. त्याने इजा होत नाही. इजा होते ती चिरकू नये म्हणून आवळण्याने. एकाच सुरावर सलग पाचव्यांदा चिरकला तर मात्र त्या दिवसापुरतं ते सोडून खाली या. आणि तो नेमका कोणत्या सुरावर, कोणत्या स्वराक्षरावर चिरकतो ते लिहून ठेवा. महिन्याने तपासलं तर जागा हललेली दिसते.

१६. रोज किती वेळ, आणि किती दिवसांत फरक पडेल?

दिवसातून दोनदा १५-२० मिनिटं ही एकदाच तासभर करण्यापेक्षा बरी. दर १० मिनिटांनी दोन मिनिटं गप्प. आठवड्यातून एक दिवस सुट्टी. भरीवपणातला फरक साधारण महिन्या-दीड महिन्यात ऐकू येतो. सांध्याला सहा महिने ते दोन वर्षं धरा. रियाजानंतर बोलण्याचा आवाज रियाजाआधीपेक्षा जड झाला असेल तर काहीतरी चुकलं आहे, आणि ते बहुधा आवाजाच्या मोठेपणात चुकलेलं असतं.

१७. सकाळी खालचे सूर सहज लागतात, संध्याकाळी जातात. कोणते खरे?

संध्याकाळचे. झोपेत पट्ट्यांवर थोडी सूज साठते, जड पट्ट्या सावकाश कंपतात, म्हणून सकाळी दोन-तीन सूर फुकट मिळतात. त्यावरून आपली पट्टी ठरवू नका. सकाळचा जडपणा रोजच असेल, सोबत घशात आंबट किंवा सतत खाकरावंसं वाटत असेल तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता तपासून घ्यावी. झोपण्याआधी तीन तास न खाणं, हा साधा प्रयोग आधी करून पाहावा. (आणि खाकरणं थांबवा, खाकरताना पट्ट्या एकमेकींवर जोरात आपटतात. घोट भर पाणी प्या.)

१८. रेकॉर्डिंगमध्ये माझा छातीचा आवाज पातळ का ऐकू येतो?

गाताना आपण आपला आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन वाटांनी ऐकतो. हाडांतून खालचे कंप जास्त पोहोचतात, म्हणून आतून आवाज जाड वाटतो. रेकॉर्डिंग खरं बोलतं. फोन तोंडापासून हातभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा. जवळ ठेवला तर ‘प’, ‘फ’चे फटके बसतात. आतल्या ऐकण्यावर भरवसा ठेवून आवाज जाड करत बसणारेच पुढे प्रश्न ६ मधल्या जिभेच्या जाळ्यात सापडतात.

१९. मुलांनी किंवा आवाज फुटत असलेल्यांनी हे व्यायाम करावेत का?

लहान मुलांनी करावेत, पण हलक्या आवाजातून खाली येणारेच, आणि एका वेळी ८-१० मिनिटं. मैदानावर ओरडून ती छातीचा आवाज पुरेसा वापरतात. मुलग्यांचा आवाज बहुधा १२ ते १५ या वयात उतरतो, जवळजवळ एक सप्तक. मुलींचाही बदलतो, पण दोन-तीन सुरांइतकाच. या काळात पट्टी दर महिन्याला नव्याने ठरवा, जुन्या उंच सुरांचा हट्ट धरू नका, आणि नवे खालचे सूर आले म्हणून ते दिवसभर वाजवतही बसू नका. गाणं पूर्ण बंद करण्याची गरज नाही.

रजोनिवृत्तीनंतर अनेक स्त्रियांचा आवाज काहीसा खाली येतो. तिथे वरचा आवाज हरवू नये म्हणून प्रश्न ८ मधला ‘ऊ’ रोज ठेवावा.

२०. सर्दी किंवा घसा बसलेला असताना रियाज करू का?

नाकापुरती सर्दी असेल तर नळी आणि हुंकार, ५ मिनिटं. आवाजच घोगरा झाला असेल तर तोही नको. कुजबुजून बोलणंही टाळा. जोर लावून कुजबुजल्याने बसलेल्या घशावर ताणच येतो, थोडं आणि साध्या आवाजात बोलणं बरं. पाणी पिताना ते पट्ट्यांवरून जात नाही, अन्ननलिकेत जातं. त्याचा उपयोग शरीरातून फिरून, काही तासांनी होतो. वाफ मात्र थेट पोहोचते.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने पट्ट्या पाहून घ्या. रक्त, गिळताना दुखणं, मानेत गाठ असेल तर तीन आठवडे थांबू नका. गाताना किंवा ओरडताना एका क्षणात आवाज गेला तर पट्टीत रक्तस्राव झालेला असू शकतो: त्याच क्षणी पूर्ण मौन आणि लवकरात लवकर तपासणी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

२१. छातीचा आवाज शाबूत आहे, पण वरचा आवाज एकाएकी नाहीसा झाला. व्यायामाने परत येईल का?

आधी कारण शोधा. पट्ट्या ताणणाऱ्या स्नायूला स्वतंत्र मज्जातंतू असतो आणि तो थायरॉइड ग्रंथीच्या अगदी जवळून जातो. त्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत किंवा काही विषाणुसंसर्गांनंतर तो दुखावला तर बोलणं जवळजवळ नेहमीसारखं राहतं, खालचं गाणंही, पण सूर वर चढतच नाही आणि लवकर दमायला होतं. बोलण्यात काही जाणवत नाही म्हणून ही गोष्ट महिनोन् महिने ‘रियाज कमी पडतोय’ अशी समजली जाते. अशा वेळी सांध्याचे व्यायाम वाढवू नका. थांबा, पट्ट्यांची तपासणी करून घ्या आणि पुढचा क्रम आवाजावर काम करणाऱ्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडून ठरवा.